घोडशीर दुखतेय, पण नेमकी कुठे?

तालमीतला पैलवान असो, शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळणारा पोरगा असो, नाहीतर रंकाळ्याला रोज फेऱ्या मारणारे काका, घोडशीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी मागची जाड शीर, धरली की व्यायाम एकच सांगितला जातो: पायरीच्या कडेवर चवडे टेका आणि टाच खाली सोडा. काहींना त्याने गुण येतो, काहींचे दुखणे वाढते. फरक जागेचा आहे.

शीर चिमटीत धरून टाचेपासून वर सरकत जा. हाडापासून 2 ते 6 सेंटिमीटर वर दुखरा, जाडसर भाग लागला तर दुखणे शिरेच्या मध्यभागाचे. बुटाचा मागचा काठ घासतो तिथे, हाडालगतच दुखले तर ते शीर हाडाला चिकटते त्या जागेचे.

मध्यभागासाठी पायरी चालते. स्वीडनचे डॉक्टर अल्फ्रेडसन यांची 1998 सालची पद्धत अशी: चांगल्या पायाने चवड्यावर वर जायचे, दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, वाकवून 3, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. म्हणजे रोज 180 वेळा! नोकरी करणाऱ्याला हे झेपत नाही. त्यापेक्षा जिममध्ये आठवड्यातून तीनदा जड वजन घेऊन टाचा उचलणे बरे: 3 सेकंदांत वर, 3 सेकंदांत खाली. पहिल्या आठवड्यात जेमतेम 15 वेळा उचलता येईल एवढे वजन, मग वाढवत नवव्या आठवड्यापर्यंत जेमतेम 6 वेळा उचलता येईल इतके. घाई केली, सेकंद मोजले नाहीत, की शिरेऐवजी झटकाच काम करतो.

हाडालगतच्या दुखण्यात वजन हेच, पण टाच जमिनीखाली न्यायची नाही. टाच खाली गेली की शीर हाडाच्या वरच्या कोपऱ्यावर दाबली जाते, आणि त्या दाबाने दुखणे वाढते. म्हणून सपाट जमिनीवरच टाचा उचला. सुरुवातीला टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची पट्टी ठेवा. पोटरी ताणणे, खोल बैठका, जोतिबाचा चढ काही आठवडे बंद. कोल्हापुरी चपलेचा मागचा भाग उघडा, त्यामुळे घासत नाही. पण तळ सपाट, आणि पट्टी तिच्यात टिकत नाही. तेव्हा मऊ काठाचा, थोड्या उंच टाचेचा बूट घ्या.

व्यायाम करताना 10 पैकी 5 पर्यंत दुखले तरी चालते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावले कालच्यापेक्षा जड पडली तर वजन कमी करा, व्यायाम थांबवू नका. नुसत्या विश्रांतीने दुखणे शमते, पण शीर भार सोसायला शिकत नाही.

मागून लाथ बसल्यासारखे वाटून त्या पायाच्या चवड्यावर उभेच राहता येईना, तर यातले काहीही न करता त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा.