स्टीअरिंगचा नट खरं काय धरतो?

जुन्या स्पोर्ट्स कारला लाकडी कड्याचं स्टीअरिंग बसवायचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. जुनं स्टीअरिंग हातोडीने ठोकून काढायचं, नवा हब (जोडणारा तुकडा) शाफ्टवर, म्हणजे स्टीअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्यावर, सरकवायचा, नट "दणकून" आवळायचा, झालं, दहा मिनिटांचं काम! खाली कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं, नट घट्ट असला की स्टीअरिंग कुठे जातंय. हे पटण्यासारखं वाटतं म्हणूनच मला त्यावर लिहावंसं वाटलं, कारण या एका नटात जेवढं विज्ञान आहे तेवढं अख्ख्या स्टीअरिंगमध्ये सापडणार नाही.

उदाहरण म्हणून एमजीबी घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनलेली ही दोन सीटांची गाडी. सुरुवातीच्या गाड्यांचं मूळ स्टीअरिंग साडेसोळा इंचाचं, चांगलंच मोठं, त्यामुळे मालक लोक मोटो-लिटासारख्या कंपनीचं चौदा इंची लाकडी स्टीअरिंग लावतात. त्रिज्या कमी झाली की तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, द्यायला हाताला साधारण १८ टक्के जास्त जोर लागतो, पार्किंग करताना हे लगेच कळतं. पण बाहेरचं स्टीअरिंग थेट शाफ्टवर बसत नाही, मध्ये त्या गाडीसाठी बनवलेला एक तुकडा लागतो, तो हब. इंग्रज लोक त्याला बॉस म्हणतात. हबच्या आतल्या बाजूला दात असतात, ते शाफ्टच्या दातांत बसतात, यांना स्प्लाइन म्हणायचं, आणि वरून एक नट.

आता स्टीअरिंग फिरवायचा सगळा जोर कोण घेतं? हिशेब करू. घाबरून दोन्ही हातांनी १५-१५ किलोचा जोर लावला, म्हणजे प्रत्येकी साधारण १५० न्यूटन, कड्याची त्रिज्या १७.८ सेंटिमीटर, तर टॉर्क झाला ५३ न्यूटन-मीटर. दात शाफ्टच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरवर आहेत आणि ३६ आहेत असं धरलं, तर प्रत्येक दातावर १९ किलोच्या आसपास भार येतो. स्टीलच्या दाताला हे काहीच नाही. मग नटाचं काम काय, नुसतं स्टीअरिंग हातात निघून येऊ नये एवढंच?

इथेच खरी गंमत आहे. दात दातांत बसायला थोडी तरी फट ठेवावीच लागते, नाहीतर हब आत जाणारच नाही. आणि स्टीअरिंग तर सतत डावी-उजवीकडे हलत असतं, सरळ रस्त्यावरसुद्धा. फट मोकळी राहिली तर प्रत्येक दिशाबदलाला दात दातावर आपटतो, धातू झिजतो, फट वाढते, मग आणखी जोरात आपटतो. हे थांबवायचं तर हब आणि शाफ्ट एकमेकांवर इतके दाबून धरायला हवेत की घर्षणामुळे ते हलूच नयेत. ही पकड नट देतो. नट आवळतो तेव्हा शाफ्टचं आट्यांचं टोक अगदी सूक्ष्म प्रमाणात ताणलं जातं आणि तो ताण हबला दाबून ठेवतो.

पण पान्याने लावलेला सगळा जोर त्या ताणात जातो असं नाही. ढोबळमानाने अर्धा नटाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात आणि जेमतेम १० टक्के पकडीत. अभियंते सोपं सूत्र वापरतात: पकड = टॉर्क ÷ (०.२ × आट्यांचा व्यास). तो ०.२ म्हणजे कोरड्या आट्यांचा घर्षणाचा आकडा. समजा १२ मिलिमीटरचा नट ४५ न्यूटन-मीटरला आवळला, तर पकड येते १८,७५० न्यूटन, म्हणजे जवळपास १.९ टन! एका छोट्या नटात! आता त्याच आट्यांना तेल लावलं, आकडा ०.१५ वर आला, तर त्याच टॉर्कला पकड २५,००० न्यूटन, अडीच टन. पान्याला काहीच फरक जाणवला नाही आणि शाफ्टच्या आट्यांवर एक तृतीयांश जास्त ताण. म्हणून हाताच्या अंदाजावर जायचं नाही, गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्क रेंच (किती टॉर्क लागला ते दाखवणारा पाना), आणि आटे कोरडे की तेल लावलेले, तेही मॅन्युअलने सांगितलंय तसे.

कमी आवळला तर काय होतं, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये छान दाखवून दिलं. आट्यांचा उतार इतका कमी असतो की नुसत्या ताणाने नट सुटत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. पण दाबलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की घर्षण त्या सरकण्याला विरोध करण्यातच खर्ची पडतं, फिरण्याला विरोध करायला फारसं उरत नाही, आणि नट उतारावरून थोडा थोडा मागे येतो. ताण कमी झाला की सरकणं वाढतं, सरकणं वाढलं की ताण आणखी कमी. आपल्या हबमध्ये तर आणखी वाईट, कारण इथे हब फिरत फिरत सरकतो, नेहमीच्या उजव्या आट्यांचा (उजवीकडे फिरवून आवळायचा) नट असेल तर डावीकडे सरकताना तो नटालाही सोडायच्या दिशेने ओढतो.

आता दुकानदार सांगतो, हा हब "एअरक्राफ्ट ग्रेड बिलेट ॲल्युमिनियम"चा, म्हणजे अख्ख्या ठोकळ्यातून कापलेला. सांगू दे. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा मऊ असतं, नटाखाली किंचित दबतं, आणि तेवढ्याने त्या सूक्ष्म ताणातला मोठा हिस्सा निघून जातो. नटाच्या बैठकीवर रंग असेल तर तोही दबतो, म्हणून बैठक स्वच्छ धातूची हवी. काही दिवस गाडी चालवली की टॉर्क पुन्हा तपासायचा. नव्या स्टीअरिंगची पूजा करा, लिंबू-मिरची बांधायची श्रद्धा असेल तर तीही बांधा, पण तिने नटाचा ताण वाढत नाही, तो रेंचनेच वाढतो.

जुनं स्टीअरिंग काढताना नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे अडकवून ठेवा आणि मग ओढा. घट्ट बसलेलं स्टीअरिंग एकदम सुटतं ते थेट तोंडावर येतं. तरी निघत नसेल तर पुलर (स्क्रूने ओढून काढायचं अवजार) लावा, शाफ्टवर हातोडी नको. धडकेत दबणाऱ्या काही स्टीअरिंग कॉलममध्ये (शाफ्ट आणि त्याभोवतीची नळी) आत प्लास्टिकच्या पिना असतात, ठोक्याने त्या तुटतात.

सरळपणाचं थोडक्यात. ३६ दात म्हणजे एक दात १० अंश, त्यामुळे स्टीअरिंग ५ अंशांपर्यंत तिरकं राहू शकतं. तेवढं टाय रॉडने (पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दोन दांड्यांनी) काढता येतं, एका बाजूचा जितका आत तितकाच दुसऱ्या बाजूचा बाहेर. मोठा तिरकेपणा मात्र दात बदलूनच काढायचा, नाहीतर रॅक (स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी पट्टी) मध्यावर राहत नाही आणि गाडी एका बाजूला कमी वळते. काही गाड्यांत इंडिकेटर बंद करणारी खुंटी हबच्या मागे असते, तीही बघून घ्या. आणि स्टीअरिंग हबला स्क्रूने जोडायची भोकं कंपनीनुसार वेगळी, मोमोची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर, नार्डीची ७४ च्या, तेव्हा भोकं कानशीने लांबवून जमवू नका, त्या सहा स्क्रूंचं कामसुद्धा पकडीवरच चालतं.

हब निवडताना एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नियम २०३ आणि २०४ लागू झाले, एक ड्रायव्हरची छाती स्टीअरिंगवर आदळली तर काय व्हावं याबद्दल, दुसरा धडकेत कॉलम किती मागे येऊ शकतो याबद्दल. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीतही त्याच सुमारास दबणारा कॉलम आला. त्याआधीच्या गाडीत शाफ्ट म्हणजे छातीकडे रोखलेला सरळ स्टीलचा दांडा. अशा गाडीला भरीव हब घेऊ नका, पातळ पत्र्याचा, धडकेत चेपणारा हब मिळत असेल तर दिसायला साधा असला तरी तोच घ्या.