‘बंदी’ नावाचा घोळ

जुन्या अमेरिकी कार्टूनच्या शौकिनांत ‘दुर्मिळ’, ‘हरवलेलं’ आणि ‘बंदी घातलेलं’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. हरवलेल्यांची गोष्ट थोडक्यात आटोपते: मूकपटांच्या काळातली कित्येक रिळं नायट्रेट या चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची होती, ती जळाली, कुजली किंवा फेकली गेली.

खरा घोळ ‘बंदी’चा आहे. १९६८ साली टीव्हीसाठी जुनी कार्टून्स पुरवणाऱ्या कंपनीने वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची १९३१ ते १९४४ मधली अकरा कार्टून्स आपल्या संचातून काढली. कृष्णवर्णीयांची टिंगल हाच त्यांचा गाभा. कितीही कात्री चालवली तरी ती दाखवण्याजोगी होणार नाहीत, असं ठरलं. सरकारने वा सेन्सॉरने काही केलं नव्हतं. मालकाने माल कपाटात ठेवला, इतकंच. पण एकदा ‘सेन्सॉर्ड इलेव्हन’ हे नाव पडलं आणि तेच चिकटलं. यादीही सगळ्यांना धरून नव्हती: युद्धकाळात जपान्यांची खिल्ली उडवणारी तितकीच ओंगळ कार्टून्स तिच्यात नाहीत. आणि त्या अकरांपैकी दोन-तीन सोडली तर बाकीची, खरं सांगायचं तर, कार्टून म्हणून यथातथाच आहेत. कपाटात गेली म्हणून त्यांचा भाव वधारला. १६ मिमीच्या प्रिंट्स हातोहात फिरल्या, मग व्हिडिओ कॅसेटच्या चोरट्या नकला, मग इंटरनेट. २०१० मध्ये हॉलीवूडच्या एका महोत्सवात त्यातली आठ जाहीरपणे पडद्यावर आली.

याहून मोठं नुकसान आधीच झालं होतं आणि त्याची बोंब कुणी मारली नाही. १९४३ पासून वॉर्नर ब्रदर्सनेच आपली जुनी कार्टून्स पुन्हा थिएटरात लावताना मूळ निगेटिव्हचंच तोंड कापलं आणि निळ्या फितीची नवी पाटी जोडली. बहुतेकांतून दिग्दर्शक, ॲनिमेटर, संगीतकार, सगळी नावं उडाली. सुरुवातीला ती निळी फीत दिसली की पुढची श्रेयनामावली बहुधा गेली म्हणून समजायचं. म्हणूनच मूळ टायटलची एखादी प्रिंट कुठल्या माळ्यावर सापडली की संग्राहक कार्टून नंतर बघतात. आधी पहिली वीस-तीस सेकंदं, तीही पुन्हा पुन्हा.

फिल्मचा डबा उघडताना नाकही लागतं. व्हिनेगरचा आंबूस वास आला तर फिल्म सडायला लागली. रंग उडून सगळं गुलाबी दिसलं तर ती बहुधा ईस्टमनकलर, म्हणजे रंग न टिकणारी फिल्म. लाल-निळे रंग आजही टवटवीत असले तर ती बहुधा रंग टिकवणाऱ्या जुन्या टेक्निकलर पद्धतीची, आणि मग किमतीत घासाघीस होत नाही.