शोभेच्या फुलझाडांतील जनुकीय बदलांची तपासणी

शोभेच्या फुलझाडात प्रयोगशाळेत बाहेरचे जनुक घातले आहे का, हे त्याच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. कोकणात हा प्रश्न बहुधा फुलाच्या रंगावरून निघतो. रोपवाटिकेत राखाडी-जांभळी किंवा दुरंगी जास्वंद दिसली की ‘ही जीएम (जनुकीय बदल केलेली) असणार’ असे सहज बोलले जाते. नुसत्या रंगावरून तसे म्हणता येत नाही. रंगीबेरंगी जास्वंदी वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आल्या आहेत. गुलबक्षीच्या एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि ठिपक्यांची फुले येतात ती तिच्याच जनुकांच्या खेळामुळे, आणि फुलबाजारातला निळा गुलाब हा पांढऱ्या गुलाबाला रंग चढवून केलेला असतो.

तरीही रंगाने खरा माग दाखवल्याचे एक उदाहरण आहे, ते पेट्युनियाचे. पेट्युनियाच्या स्वतःच्या एंझाइमला पेलार्गोनिडिन हे नारिंगी रंगद्रव्य बनवण्यातला एक टप्पा जमत नाही. १९८७ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्याचे ‘ए१’ जनुक घालून तो टप्पा पार करून घेतला. पुढे २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाजवळ लावलेल्या नारिंगी पेट्युनिया वनस्पतिशास्त्रज्ञ तेमू तेरी यांच्या नजरेस पडल्या. जुने संशोधन ठाऊक असल्याने त्यांनी झाड तपासले, तर त्यात परके जनुक निघाले. २०१७ मध्ये फिनलंड आणि पाठोपाठ अमेरिकेतील यंत्रणांनी अशा वाणांची विक्री थांबवली आणि रोपे नष्ट करवली. अमेरिकेने २०२१ मध्ये या पेट्युनियांवरचे निर्बंध उठवले. जांभळी कार्नेशन (१९९० च्या दशकापासून) आणि जपानमधील निळसर गुलाब (२००९) ही मात्र उघडपणे जीएम म्हणूनच विक्रीला आली.

तपासणीचा कणा म्हणजे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो नमुन्यात आहे का ते दाखवणारी चाचणी. झाडात जनुक घालताना त्याच्यासोबत काही ठरावीक तुकडे बहुधा जातात: फ्लॉवरवरच्या मोझॅक विषाणूचा ‘३५एस’ प्रवर्तक (जनुक चालू करणारा तुकडा), ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूचा ‘नॉस’ तुकडा, कॅनामायसिन प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक. पीसीआरमध्ये आधी हे तुकडे शोधतात. एखादा सापडला म्हणून झाड लगेच जीएम ठरत नाही. मोझॅक विषाणूची खरोखरची लागण असेल किंवा पानाला मातीतले जिवाणू चिकटलेले असतील, तरी असा निकाल येतो. त्यामुळे पुढे डीएनएचा क्रम वाचून ते जनुक झाडाच्या गुणसूत्रात नेमके कुठे जोडले आहे, ते पाहावे लागते. उलट, काहीच सापडले नाही तर त्याचा अर्थ ‘शोधलेले तुकडे नाहीत’ एवढाच. बाहेरचा तुकडा मागे न ठेवता जनुकसंपादन (झाडाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमका बदल) केलेले झाड या चाळणीतून निसटते.

कोकणातल्या फुलझाडांत खरी अडचण डीएनए वेगळा काढण्यापासून सुरू होते. जास्वंदीचे पान खलात द्रावणासह घोटले की बुळबुळीत, तार सुटणारा लगदा होतो. तो चिकट पदार्थ डीएनएसोबतच उतरतो आणि पीसीआर अडवतो. यावर कोवळे पान घेणे, सीटॅब या द्रव्यासोबत जास्त मीठ वापरणे आणि डीएनए पातळ करणे हे उपाय आहेत. पावसाळी दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले पान लवकर कुजते, म्हणून नमुना ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये सुकवून पाठवावा. दर चाचणीत झाडाचे स्वतःचे एखादे जनुकही सोबत तपासतात. तेच दिसले नाही, तर ‘परके जनुक नाही’ हा निकाल धरायचा नाही. या एका अटीकडे दुर्लक्ष झाले की अहवाल निरुपयोगी ठरतो.

कापसासाठी वापरतात ती पट्टी चाचणी फुलझाडांत फारशी कामाची नाही. ती एखादे माहीत असलेले प्रथिनच ओळखते.

भारतात जीएम वनस्पतींवर पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम लागू आहेत आणि त्या निसर्गात सोडण्यापूर्वी जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपुढे जावे लागते. २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसाखेरीज दुसरे जीएम पीक व्यापारी लागवडीत नाही. बाहेरचे जनुक नसलेल्या काही जनुकसंपादित वनस्पतींना २०२२ मध्ये या नियमांच्या बऱ्याच तरतुदींतून सूट मिळाली.

नमुना किती घ्यायचा, हे झाड कसे वाढवले यावर ठरते. फांदी लावून वा कलम करून वाढवलेल्या जास्वंदी, अनंत, सोनचाफा यांची रोपे मातृवृक्षाचीच प्रत असतात. त्यामुळे मातृवृक्षाची तपासणी पुरते, फक्त रोपांची सरमिसळ झालेली नसावी. झेंडू आणि तेरड्याचे तसे नाही. बियांच्या साठ्यात १ टक्का जीएम बी असेल तर ते ९५ टक्के खात्रीने पकडायला सुमारे ३०० बिया लागतात. तेरड्याबाबत जास्त जपावे लागेल, कारण कुंडीतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा आणि गौरीसाठी बांधावरून आणला जाणारा रानतेरडा ही एकच जात आहे आणि त्यांचा आपसात संकर होऊ शकतो.