मतप्रस्तावांवरील स्थानिक चेंबरची भूमिका (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर कायद्यांचे प्रस्तावही छापलेले असतात. त्यांवर मतदार थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ असा कौल देतो. या प्रस्तावांना तेथे ‘प्रॉपोझिशन’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत ‘मतप्रस्ताव’ हा शब्द योजला आहे. एखाद्या शहरातील किंवा परगण्यातील व्यापारी-उद्योजकांची संघटना, म्हणजे बहुधा तेथील चेंबर ऑफ कॉमर्स, संपूर्ण राज्याला लागू होणाऱ्या मतप्रस्तावाविषयी पाठिंबा, विरोध वा तटस्थता जाहीर करते. ही प्रथा ऑरेगन, वॉशिंग्टन, कोलोराडो इ. राज्यांतही आढळते, परंतु तिचा सर्वाधिक विस्तार कॅलिफोर्नियात झाला आहे.

संज्ञा : मराठीत या साऱ्याला सरसकट ‘सार्वमत’ म्हणण्याची सवय आहे. त्यामुळे घोटाळा होतो. नागरिकांनी सह्या गोळा करून नवा कायदा मांडणे हा ‘उपक्रम’. विधिमंडळाने केलेला कायदा सह्यांच्या बळावर अडवून मतदारांपुढे नेणे हे खरे ‘सार्वमत’. तिसरा प्रकार विधिमंडळाने स्वतःहून मतदारांकडे पाठविलेल्या घटनादुरुस्त्या व कर्जरोखे यांचा. हा भेद केवळ पुस्तकी नाही. २०२३ पर्यंत सार्वमतात ‘हो’ म्हणजे मूळ कायदा राहू द्या आणि ‘नाही’ म्हणजे तो रद्द करा, असा अर्थ होता. म्हणून कायदा पाडण्यासाठी सह्या जमविणारी संघटनाच पुढे ‘नाही’वर मत द्या असा प्रचार करीत असे, आणि नवखा मतदार चक्रावत असे. २०२३ च्या कायद्याने राज्यव्यापी सार्वमतासाठी त्याऐवजी ‘कायदा ठेवा’ व ‘कायदा रद्द करा’ असे पर्याय आणले. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी झालेला जनमत कौल या तिन्ही प्रकारांत बसत नाही. तो संसदेच्या कायद्याने घेतला गेला. सह्यांचा त्यात संबंध नव्हता.

उगम : येथे दोन वेगळे प्रवाह एकत्र आले आहेत. चेंबर ही संस्था युरोपीय. फ्रान्समधील मार्सेय येथील चेंबर १५९९ मधील मानली जाते, न्यूयॉर्कची १७६८ मधील. सॅन फ्रान्सिस्कोची चेंबर १८५० मध्ये, सोन्याच्या शोधासाठी लोकांची रीघ लागलेली असताना उभी राहिली. लॉस अँजेलिसची १८८८ मध्ये. थेट कायदे करण्याची कल्पना मात्र स्वित्झर्लंडच्या उदाहरणावरून आली. अमेरिकेत साउथ डकोटाने १८९८ मध्ये व ऑरेगनने १९०२ मध्ये ती स्वीकारली. कॅलिफोर्नियात पहिला मान कोणत्या शहराचा यावर मतभेद आहेत. सॅन फ्रान्सिस्को व व्हॅलेहो यांच्या १८९८ च्या सनदांत उपक्रमाची तरतूद होती, असे बहुतेक संदर्भग्रंथ सांगतात. लॉस अँजेलिसच्या १९०३ च्या सनदेत मात्र उपक्रम, सार्वमत आणि प्रत्यावाहन (निवडून आलेल्यास परत बोलाविणे) ही तिन्ही साधने एकत्र आली. त्यामागे डॉ. जॉन रँडॉल्फ हेन्स यांची अनेक वर्षांची खटपट होती. पुढच्या राज्यव्यापी चळवळीचा धागा थेट येथूनच निघत असल्याने लॉस अँजेलिसला अग्रक्रम देणे अधिक योग्य वाटते. गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १० ऑक्टोबर १९११ च्या विशेष निवडणुकीत, सुमारे तीनास एक अशा मतांनी ही पद्धत राज्यघटनेत दाखल झाली. महिलांना मताधिकार देणारी दुरुस्तीही त्याच दिवशी, अगदी थोडक्या मतांनी, संमत झाली.

ही सुधारणा नेमकी कोणाविरुद्ध होती, हा वादाचा मुद्दा आहे. रूढ कथनानुसार सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीची विधिमंडळावरील पकड मोडणे हा तिचा हेतू होता. तसे असेल, तर व्यापारी संघटनांनी हेच साधन पुढे हाती घेणे ही उलटी गंगा ठरते. परंतु इतिहासकार जॉर्ज मौरी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की सुधारणावादी नेते स्वतःच बव्हंशी सुस्थित मध्यमवर्गीय होते : वकील, संपादक, स्वतंत्र व्यापारी. भाड्याच्या दरांमुळे रेल्वेवर चिडलेला वर्गही हाच. राज्यशास्त्रज्ञ मायकेल रोगिन यांनी यावर असा आक्षेप घेतला, की नेत्यांच्या चरित्रांवरून मतदार कळत नाहीत. शहरांतील कामगारांची मते पुढे जॉन्सन यांच्याकडे वळली होती. दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. स्थानिक व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर मौरी यांचे चित्र अधिक पटते. मोठी कंपनी आणि गावातला दुकानदार यांचे हितसंबंध १९११ मध्येही एक नव्हते, आजही नाहीत. चेंबरांनी मतप्रस्तावांवर ठराव करण्याची प्रथा बहुधा यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत रुळली असावी.

कार्यपद्धती : राज्यघटनेनुसार साध्या कायद्याच्या उपक्रमासाठी मागील गव्हर्नर-निवडणुकीतील एकूण मतांच्या ५ टक्के, तर घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. २०२४ साठी हे आकडे अनुक्रमे ५,४६,६५१ व ८,७४,६४१ होते. सह्यांसाठी १८० दिवसांची मुदत असते. प्रस्तावाचे शीर्षक व सारांश राज्याचा महान्यायवादी ठरवितो आणि खर्चाचा अंदाज विधिमंडळाचा विश्लेषक देतो. संमत झालेला उपक्रम विधिमंडळाला, त्यातच तशी मुभा दिलेली नसेल तर, मतदारांना पुन्हा विचारल्याशिवाय बदलता येत नाही. व्यापारी संघटनांच्या चिंतेचे मूळ येथे आहे. विधेयकातली चूक पुढच्या अधिवेशनात दुरुस्त होते. मतप्रस्तावातली पिढ्यान्‌पिढ्या राहू शकते.

चेंबरचा निर्णय साधारणतः दोन पायऱ्यांत होतो. आधी धोरण समिती बसते, बहुधा सकाळी, दुकाने-कचेऱ्या उघडण्यापूर्वी. कॉफीचे पेले आणि विश्लेषकाच्या टिपणाच्या प्रती टेबलावर असतात. प्रस्तावाच्या बाजूचा एक व विरोधातला एक असे दोन पाहुणे पाच-दहा मिनिटे बोलतात, प्रश्नांना उत्तरे देतात आणि निघून जातात. मग खरी चर्चा सुरू होते. उपाहारगृहाचा मालक वेतनाचे बोलतो, बांधकाम व्यावसायिक कर्जरोख्यांचे, रुग्णालयाचा प्रतिनिधी अनुदानाचे; आणि एखादी छपाईवाली बाई विचारते की यात आमचे काय. समितीची शिफारस संचालक मंडळाकडे जाते. पुष्कळ चेंबरांत भूमिका घेण्यास साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश लागते. ते न जमल्यास चेंबर गप्प राहते. वृत्तपत्रे या मौनाची दखल घेत नाहीत. वास्तविक सभासदांत कुठे फट पडली आहे हे त्या मौनातूनच सर्वांत स्पष्ट कळते. अभ्यासकांनी पाठिंबा-विरोधाच्या यादीइतकेच लक्ष तटस्थतेकडे द्यायला हवे.

जाहीर झालेली भूमिका दोन ठिकाणी वापरात येते. एक, सभासदांना पाठविलेले पत्रक. दुसरी जागा अधिक मोलाची : राज्य सरकार प्रत्येक मतदाराच्या घरी पाठविते ती मार्गदर्शक पुस्तिका. तीत प्रत्येक बाजूला ५०० शब्दांचा युक्तिवाद व २५० शब्दांचे प्रत्युत्तर करता येते, आणि खाली जास्तीत जास्त तिघांच्या सह्या छापल्या जातात. कोट्यवधी डॉलरच्या मोहिमा या तीन जागांसाठी ओळखीचा, विश्वासाचा चेहरा शोधत असतात. परिचारिका, अग्निशमन दलाचा जवान आणि कुठल्यातरी गावच्या चेंबरचा अध्यक्ष ही जोडणी जुन्या पुस्तिका चाळताना वारंवार भेटते.

कायदेशीर चौकट : अमेरिकी महसूल संहितेत चेंबर ही कलम ५०१(सी)(६) खालील संस्था आहे. धर्मादाय संस्थेप्रमाणे तिच्यावर कायदेविषयक प्रचाराची मर्यादा नाही. मात्र १९९३ च्या दुरुस्तीनंतर वर्गणीचा जो भाग अशा प्रचारावर खर्च होतो, त्यावर सभासदाला करवजावट मिळत नाही. म्हणून वर्गणीच्या बिलाच्या तळाशी ‘यातील इतके टक्के वजावटीस पात्र नाहीत’ अशी बारीक अक्षरांतली ओळ असते. चेंबर राजकारणात किती उतरली आहे हे त्या एका आकड्यावरून समजते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फर्स्ट नॅशनल बँक ऑफ बॉस्टन वि. बेलॉटी या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी, मतप्रस्तावांच्या प्रचारावर खर्च करण्याचा कंपन्यांचा हक्क मान्य केला. १९८१ मध्ये बर्कली शहराची २५० डॉलरची देणगीमर्यादाही रद्द ठरली. राज्यात देणग्या व खर्च उघड करण्याचे बंधन १९७४ च्या राजकीय सुधारणा कायद्याने आले, आणि तो कायदाही मतप्रस्तावातूनच जन्मला.

स्थानिक चेंबरपुरता कळीचा निवाडा निराळा आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टॅन्सन वि. मॉट (१९७६) मध्ये ठरविले, की सरकारी पैसा एका बाजूच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही; निष्पक्ष माहिती देण्यास हरकत नाही. अनेक चेंबर पर्यटन केंद्र चालविणे किंवा उत्सव भरविणे यांसाठी नगरपालिकेकडून पैसे घेतात. तो पैसा आणि प्रचाराचा पैसा यांचे हिशेब वेगळे ठेवणे भाग असते. दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या कचेरीत हे बोलण्याइतके सोपे नाही.

काही प्रसंग : १९६४ चा मतप्रस्ताव १४ हा व्यावसायिक संघटनेच्या पुढाकाराचा सर्वांत क्लेशकारक दाखला होय. घरांच्या विक्रीत व भाड्यात वांशिक भेदभावास मनाई करणारा रमफर्ड कायदा निष्प्रभ करण्यासाठी राज्यातील स्थावर मालमत्ता दलालांच्या संघटनेने तो आणला आणि सुमारे ६५ टक्के मतांनी तो संमत झाला. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. संघटनेचे हित आणि न्याय यांची फारकत होऊ शकते, हे या प्रसंगाइतके स्पष्ट अन्यत्र दिसत नाही.

१९७८ च्या मतप्रस्ताव १३ ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणि मूल्यातील वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधून टाकली. त्या वेळी अनेक मोठ्या कंपन्या व बँका त्याच्या विरोधात होत्या. चाळीस वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. ३० लाख डॉलरहून अधिक व्यापारी मालमत्ता असलेल्यांचे हे संरक्षण काढू पाहणारा मतप्रस्ताव १५ (२०२०) राज्याची चेंबर आणि असंख्य स्थानिक चेंबर यांच्या विरोधामुळे अडचणीत आला व सुमारे ४८ टक्क्यांवर थांबला. १९८२ मध्ये उत्तरेचे पाणी दक्षिणेकडे नेणाऱ्या कालव्यावरील मतप्रस्ताव ९ फेटाळला गेला. उत्तरेकडील काही परगण्यांत विरोध ९० टक्क्यांहून अधिक होता. मोठ्या शेतीकंपन्यांतही फूट पडली होती. पाण्याच्या प्रश्नावर व्यवसायापेक्षा भूगोल वरचढ ठरतो.

अलीकडील प्रसंगांपैकी २०२४ चा मतप्रस्ताव ३२ बोलका आहे. किमान वेतन ताशी १८ डॉलर करण्याचा तो प्रस्ताव निसटत्या फरकाने पडला. राज्याची चेंबर व उपाहारगृहांची संघटना विरोधात होत्या. परंतु सनीवेल आणि माउंटन व्ह्यू या शहरांचे स्वतःचे किमान वेतन तेव्हाच १८ डॉलरच्या वर गेले होते. तेथील दुकानदाराचे पगारपत्रक मतप्रस्तावाने बदलणार नव्हते. दूरच्या खोऱ्यातील फ्रेस्नोच्या दुकानदाराचे बदलणार होते. राज्यव्यापी प्रश्नाला स्थानिक उत्तर वेगवेगळे का येते, ते यावरून ध्यानात येईल. त्याच निवडणुकीत चोरी व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढविणारा मतप्रस्ताव ३६ गव्हर्नरांचा विरोध असूनही सुमारे ६८ टक्के मतांनी संमत झाला. ९५० डॉलरपर्यंतची दुकानचोरी किरकोळ गुन्हा ठरविणाऱ्या २०१४ च्या मतप्रस्ताव ४७ विषयी दुकानदारांत साचलेला राग त्यामागे होता.

प्रभाव : राज्यशास्त्रज्ञ एलिझाबेथ गर्बर यांच्या १९९९ मधील अभ्यासाचा निष्कर्ष असा, की आर्थिक हितसंबंधी गट पैशाच्या बळावर प्रस्ताव पाडू शकतात, पण संमत करून घेणे त्यांना जड जाते. मतप्रस्ताव २२ (२०२०) याला अपवाद ठरतो. ॲपवरून गाडी चालविणाऱ्यांना कर्मचारी न मानणारा हा प्रस्ताव कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्चून संमत करून घेतला. एका अपवादाने निष्कर्ष कोसळत नाही. शिवाय २०१४ पासून सह्या पूर्ण झाल्यावरही प्रस्ताव मागे घेता येतो, त्यामुळे तो सौद्याचे साधनही बनला आहे. २०१८ मध्ये शीतपेय उद्योगाने आपला प्रस्ताव मागे घेतला आणि मोबदल्यात शहरांना शीतपेयांवर नवे कर बसविण्यास २०३१ पर्यंत बंदी मिळविली.

महाराष्ट्राशी तुलना : महाराष्ट्रात राज्यव्यापी उपक्रमाची तरतूद नाही. पुण्याची मराठा चेंबर (स्थापना १९३४) किंवा जिल्ह्याजिल्ह्यातील व्यापारी महासंघ यांची साधने म्हणजे निवेदन, शिष्टमंडळ आणि बंद. स्थानिक संस्था कराविरुद्धचे २०१३ मधील बंद हे त्याचे ठळक उदाहरण. सांता क्लारा परगण्यात राहणाऱ्या मराठी मतदारांना मात्र हा प्रकार घरबसल्या भेटतो. राज्याची मार्गदर्शक पुस्तिका इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, हिंदी इ. भाषांत निघते, मराठीत निघत नाही.