फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणजे फुकट, असं नाही हो!

नागपूरच्या ग्रुपांवर जुन्या सीताबर्डीचे, झिरो माइलचे फोटो फिरतात अन् खाली कोणीतरी लिहितंच, ‘६० वर्षं झाली, आता कोणीही वापरा’. हे चूक आहे. फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं मोजायचा नियम कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत गेला, आता फोटोग्राफर वारल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे १९७० चा फोटो असला अन् काढणारे काका हयात असले तर कॉपीराइट चालूच. १९५१ पर्यंत प्रसिद्ध झालेले मात्र जुन्या नियमानं दुरुस्तीच्या आधीच मोकळे झालेत, ते बिनधास्त वापरा. अन् पैसे देऊन स्टुडिओत काढलेला फॅमिली फोटो, वेगळा करार नसेल तर त्याचा हक्क सहसा काढवून घेणाऱ्याचा असतो, स्टुडिओवाल्याचा नाही, हे तर कोणी सांगतच नाही. नुसती प्रिंट कपाटात सापडली म्हणून हक्क मिळत नाही.