राष्ट्राध्यक्षांचं युद्ध आणि काचेच्या भांड्यातल्या जन्मतारखा

१ डिसेंबर १९६९ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये टीव्ही कॅमेऱ्यांसमोर काचेचं एक मोठं भांडं ठेवलं होतं. आत निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली कुपी उघडली, तारीख निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० दरम्यान त्या दिवशी जन्मलेल्या तरुणांना सैन्याचं बोलावणं सर्वांत आधी येणार होतं. व्हिएतनाम त्या रात्री थेट घराघरात शिरलं.

हे युद्ध अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या तिथल्या संसदेने, कधी पुकारलंच नव्हतं. खरं तर १७८७ मध्ये घटनाकारांनी युद्ध पुकारण्याचा अधिकार मुद्दाम काँग्रेसकडे ठेवला होता. अचानक झालेला हल्ला परतवण्यापुरती मोकळीक तेवढी राष्ट्राध्यक्षांना होती. पण काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारलं ते शेवटचं जून १९४२ मध्ये. १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काँग्रेसची मंजुरी न घेताच कोरियात सैन्य उतरवलं, आणि 'पोलिसी कारवाई' हे त्याचं नाव मान्य केलं. छत्तीस हजारांवर अमेरिकी सैनिक त्या कारवाईत गेले. पायंडा पडला तो तिथे.

ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टॉन्किनच्या आखातात आपल्या जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी देशाला सांगितलं. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. हे उघड होईपर्यंत फार उशीर झाला होता. प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी त्यांना हवं ते करायला मोकळं सोडलं. विरोधातले ते दोघे, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. दोघांच्याही जागा १९६८ मध्ये गेल्या. मला ती दोन मतं फार मोलाची वाटतात.

१९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांसाठी कायदा केला: सैन्य पाठवलं की ४८ तासांत कळवा, ६० दिवसांत मंजुरी घ्या, नाहीतर सैन्य मागे घ्या. २०११ मध्ये लिबियात ही मुदत उलटली, तेव्हा ओबामा सरकारने हा संघर्ष कायद्यात बसतच नाही असं सांगून कारवाई चालू ठेवली.

सक्तीची भरतीही १९७३ मध्येच थांबली. माझ्या मते कायद्यापेक्षा याचा परिणाम खोल झाला. आपला मुलगा जाणार नाही म्हटल्यावर राष्ट्राध्यक्षांना जाब विचारण्याची निकडही उरत नाही.

१४ सप्टेंबर २००१ ला, योगायोगाने भांड्यातून पहिली निघालेल्या त्याच तारखेला, ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्ष बुश यांना बळाचा वापर करण्याची मुभा दिली, ४२० विरुद्ध १ मताने. त्याच ठरावाच्या आधारावर पुढे येमेन आणि सोमालियापर्यंत हल्ले झाले. विरोधातलं ते एक मत प्रतिनिधिगृहाच्या सदस्य बार्बरा ली यांचं होतं. त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलिस संरक्षण द्यावं लागलं.