क्रमागत संख्या: मधल्या संख्येचा माग

‘तीन क्रमागत संख्यांची बेरीज 72 आहे, तर त्या संख्या कोणत्या?’ लातूर-नांदेडकडे शिष्यवृत्ती किंवा नवोदयची तयारी करणारी पोरं हे तोंडी सोडवतात. 72 भागिले 3, मधली संख्या 24. म्हणून 23, 24, 25. क्लासमध्ये ही ‘ट्रिक’ म्हणून घोटून घेतात. तिच्यामागे दीड हजार वर्षांचा विचार आहे, हे मात्र मुलांना क्वचितच कळतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आर्यभटाने 499 मध्ये समान फरकाने वाढणाऱ्या संख्यांच्या बेरजेची रीत दिली. आधी मधली किंमत काढा, मग तिला पदांच्या संख्येने गुणा. आपली पोरं हेच उलटीकडून करतात. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांचे नियम घालून दिले, म्हणून बेरीज −12 दिली तरी आपण −5, −4, −3 असं बिनधास्त लिहितो.

पुढचा धागा थेट मराठवाड्यात येतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) एकपासून क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या बेरजेचा नियम आहे: शेवटच्या संख्येत 1 मिळवा, आलेल्या उत्तराला त्याच शेवटच्या संख्येने गुणा आणि निम्मे करा. ‘बीजगणिता’त अज्ञात राशीला त्यांनी ‘यावत्तावत्’ म्हटलं. तिथे आज आपण ‘क्ष’ मांडतो. त्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटण लागतं; तिथल्या 1207 च्या शिलालेखात या मठाची नोंद आहे. खानदेशातलं गाव, पण त्यामागचा राजाश्रय देवगिरीचा. आपल्या भागात गणित शिकवण्याची सोय इतकी जुनी आहे, हे दौलताबादचा, म्हणजे जुन्या देवगिरीचा, किल्ला दाखवताना मुलांना जरूर सांगावं.

निजामी राजवटीत वरच्या वर्गांचं गणित बहुधा उर्दूतून होई. 1948 नंतर ते मराठीत रुळलं.

रीत का चालते, हे ‘क्ष’ मांडला की दिसतं. क्ष−1, क्ष, क्ष+1 यांच्या बेरजेत −1 आणि +1 एकमेकांना खातात, उरतो 3क्ष. चार संख्या आल्या की पाठांतरवाला अडतो: बेरीज 90, भागाकार 22.5. ही संख्या यादीत नाही. पण मध्य तोच आहे, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन संख्या घ्यायच्या: 21, 22, 23, 24.